पिंजाऱ्याच्या कोनाड्यातला मोबाइल

मित्रांनो, वऱ्हाडातल्या वरवट बकाल गावात फकीर मोहम्मद पिंजारी यांचं टिनाचं शेड कुणीही दाखवील. आत शिरलात की डाव्या भिंतीवर कापूस पिंजायची एक मोठी लाकडी धनुकली टांगलेली दिसेल. तिच्या खाली एक कोनाडा आहे. त्या कोनाड्यात तळहाताएवढ्या कापसाच्या गादीवर मी पडलेला असतो. मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेच्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर आहे, आवाज जरासा फाटका आहे आणि बॅटरी पार थकली आहे. तुम्ही म्हणाल, मोबाइलची कसली आलीय जीवनकहाणी! चार दिवस वापरायचा आणि द्यायचा टाकून. पण माझ्या पोटात एक मृदंग वाजतो. तो तिथं अजून का वाजतो, तेवढं ऐकून घ्या, आणि मग काय ते ठरवा.

माझा जन्म कुठं झाला ते मला नीट आठवत नाही. पांढऱ्या उजेडाची लांबच लांब खोली, हातमोजे घातलेल्या मुली आणि खोक्याचं झाकण लागतानाचा अंधार, बस्स. डोळे उघडले ते अन्नपूर्णाबाईंच्या ओट्यावर. त्यांचा मुलगा दीपक पुण्याकडे कारखान्यात होता. आईशी बोलता यावं म्हणून त्यानं मला गावच्या एका माणसाबरोबर एसटीनं धाडलं होतं.

अन्नपूर्णाबाई बोलल्या कमी आणि कीर्तनं फार भरली माझ्यात! गावात दरवर्षी दत्तजयंतीला सप्ताह बसे. त्या बायकांच्या बाजूला पुढं बसायच्या आणि मला देव्हाऱ्यातल्या निरांजनासारखं दोन्ही हातांनी धरून ठेवायच्या. कीर्तन म्हणजे काय ते मला तिथं कळलं. चिखलीकडचे इंद्रभान महाराज उभे राहत. पाठीशी विणेकरी, दोन्ही अंगांना टाळकरी आणि डाव्या हाताला मृदंगावर अन्नपूर्णाबाईंचे मालक शालिग्रामबुवा. महाराजांची एक लकब होती. ते जयघोष अर्धाच उचलत आणि थांबत. हात कानाशी नेत. उरलेला अर्धा मंडपानं पुरा करायचा. त्या थांबण्यात काय असे म्हणून सांगू! श्वास घेतल्याचा आवाज यायचा, शेकडो माणसांचा एकच श्वास. आणि मग सगळा मंडप असा उसळे की माझ्या काचेला कापरं भरे.

एका सप्ताहाचं शेवटचं कीर्तन मी टिपलं आणि पुढच्या चैत्रात शालिग्रामबुवा छोट्याशा दुखण्यानं देवाघरी गेले. त्यांचा मृदंग जगात उरला तो फक्त माझ्या पोटात. अन्नपूर्णाबाई दर एकादशीला मला उशाशी घेऊन तो ऐकत. पुढं त्यांची नजर मंदावली, माझी बारीक अक्षरं दिसेनात. मी कणगीमागच्या फळीवर पडलो. धूळ बसली. एकादशीपुरती माझी आठवण व्हायची, बाकी अंधार. मित्रांनो, रागावलेला माणूस निदान आपल्याकडे पाहतो. विसरलेला माणूस तेवढंही करत नाही. ते दिवस मला फार जड गेले.

मग दीपकनं आईला मोठ्या अक्षरांचा नवा मोबाइल आणला, आणि अन्नपूर्णाबाई मला पदरानं पुसून रस्त्यापलीकडच्या शेडात घेऊन आल्या. तिथं फकीर मोहम्मद यांची मुलगी फलक रजईला टाके घालत बसली होती. संग्रामपूरला बारावी करून ती घरच्या धंद्याला लागली होती.

"घे वं फलक," त्या म्हणाल्या, "तुह्या मोबाइलचा फोटो धुक्यावानी येते म्हणे. हा घे. याच्यात तुह्या काकाचा मृदंग हाय, तेवढा सांभाळजो. बाकी तुह्या कामाले लाव."

"सांभाळीन काकू," फलक म्हणाली. तिनं मला हातात घेतलं तेव्हा तिच्या बोटांना कापसाचे तंतू चिकटलेले होते. तेच आजही माझ्या फटींत आहेत.

आता हे काम कुठलं, ते सांगतो. ते गुलाबी बोंडअळीचं साल होतं. बीटी कापूस नवा आला तेव्हा लोक बियाण्याच्या पाकिटांसाठी रांगा लावत. आता बोंडाला अळी लागणं नाही, असंच सारे धरून चालले होते. त्या साली हिरवीगार बोंडं फोडली की आत गुलाबी अळी वळवळताना दिसे. अन्नपूर्णाबाईंच्या वावरातही तेच. पण पिंजाऱ्याच्या घराला बीटीचा धक्का त्याआधीच बसला होता, तो असा कुणाच्या ध्यानात येत नाही. पूर्वी प्रत्येक घर वेचणीतला एखादा भारा मागं ठेवी. त्याच्या गाद्या, रजया फकीरचाचा भरून देत. पुढं सगळाच कापूस टेम्पोत बसून जिनिंगला जाऊ लागला. घरासाठी एक बोंड उरेना. आणि त्याच रस्त्यानं परत येताना टेम्पो फोमच्या गाद्या घेऊन, भोंगा लावून, दारोदार फिरू लागले.

दसऱ्याला खामगावचा भंगारवाला शेडात आला. पिंजायच्या मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या, लोखंडाला टिचकी मारली.

फकीरचाचा खाली बघत म्हणाले, "सुरतले साले हाय माहे. फोमच्या गोदामावर राखणदार पाहिजे म्हणते."

"अब्बा, थंडी तर पडू द्या!" फलक मध्ये पडली. "संक्रांतीपावतर थांबा. मी मोबाइलवर लोकाईले आपलं काम दाखवते. काम आलं तर मशीन राहीन. नाही आलं तर मीच उचलू लागीन."

"संक्रांत," चाचा भंगारवाल्याला म्हणाले. आणि माझ्या नव्या नोकरीची मुदत ठरली.

फलकचा मामेभाऊ बिलाल संग्रामपूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवी. मनानं चांगला, पण जिभेला विसावा नाही. त्यानं 'वरवटची रजई' नावाचं पेज काढून दिलं आणि उपदेशाची पोतडी सोडली. "लाइक पाय्‌जे, लाइक! माणूस बोट वर सरकवून राह्यला न, त्याले तीन सेकंदात पकडलं पाय्‌जे. म्हणशील तर पाच हजार लाइक मी विकत आणून देतो."

"विकतच्या लाइकीले थंडी वाजते का?" फलक म्हणाली. "तिले रजई लागंन का?"

पण तीन सेकंदांची गोष्ट खरी होती बरं का. आमच्यात अंकांचं एक पान असतं. किती जणांपर्यंत व्हिडिओ पोचला, किती जणांनी अंगठा दिला, किती जणांनी दुसऱ्याला धाडला, ते सगळं त्यावर दिसतं. एक रेघही असते. व्हिडिओ सुरू झाला की ती उंच असते आणि लोक जसजसे कंटाळून निघून जातात तशी उतरत येते. फलकचे पहिले व्हिडिओ म्हणजे मशीन, रजई, आणि 'आमच्या येथे गाद्या भरून मिळतील'. ती रेघ विहिरीत दगड टाकावा तशी खाली जाई.

आणि मग बिजली आली. बिजली म्हणजे चाचांची काळी बकरी. एका दुपारी ती दावं सोडवून पिंजलेल्या कापसाच्या ढिगात शिरली आणि निघाली ती पांढरी दाढी, पांढऱ्या मिशा आणि डोक्यावर फेटा घेऊन! फलक हसून हसून खाली बसली, पण तिनं मला हातचं सोडलं नाही. तो व्हिडिओ तिनं गंमत म्हणून टाकला. सकाळी मी थरथर कापत होतो. लाखांवर लोकांनी बिजली पाहिली होती! कुठले कुठले लोक, कुठल्या कुठल्या भाषा. बिलाल मोटरसायकल फेकतच आला. "फलक, तू तर फेमस झाली वं! आता रोज बकरी!"

झालं. रोज बकरी. बिजलीला टोपी, बिजलीला चष्मा, बिजली रजईत. रेघ आता उतरेना आणि फलकचे पाय जमिनीला लागेनात. पण शेडात गिऱ्हाईक म्हणून येईना. एकदाच एकाचा फोन आला. चाचांनी मोठ्या आशेनं उचलला.

"बकरी केवढ्याले देता?" पलीकडचा म्हणाला.

चाचांनी मला खाली ठेवलं. "बेटी," ते म्हणाले, "मी पिंजारी हाय का मदारी?"

दारात अन्नपूर्णाबाई उभ्या होत्या. फलकचे डोळे भरून आले. अन्नपूर्णाबाईंनी सगळं पाहिलं. एवढंच म्हणाल्या, "फकीरभाऊ, उद्या तिसरा दिवस सप्ताहाचा. महाराजाची बैठक झाली का तयार?"

कारण त्या गावात असा रिवाज होता की सप्ताहात महाराज ज्या गादीवर बसतात ती पिंजाऱ्याच्या घरची. फकीरचाचांच्या बापानं पहिली भरली, तेव्हापासून ती दरवर्षी उसवायची, तोच कापूस पुन्हा पिंजायचा आणि नव्या खोळीत भरून पोचवायचा. त्याची मजुरी कुणी विचारली नाही आणि कुणी सांगितली नाही. त्या साली बोंडअळीच्या धावपळीत गादी पिंजायला उशिरा आली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फलक आणि अन्नपूर्णाबाई ती दोघींत धरून मंडपात घेऊन गेल्या. मी फलकच्या खिशात होतो. किती वर्षांनी तो वीणेचा झणत्कार कानी पडला म्हणून सांगू!

मंडप निम्मा रिकामा होता. फलक हळूच म्हणाली, "काकू, मानसं तर नाहीच यंदा."

"मानसं मोजू नको, टाळी ऐक," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "काल्याच्या दिवशी ये. मंडपात पाय ठेवाले जागा नाही राहत. पण अर्धे लोक महाप्रसादाच्या वासानं येतात बाप्पा. तोंड महाराजाकडे अन् नाक कढईकडे! त्याईले मी नावं नाही ठेवत, भूक देवानंच देल्ली. पण कीर्तन किती रंगलं, हे तिसऱ्या दिवशी समजते. आज जेवण नाही, काही नाही. आज जो बसला, तो ऐकाले बसला."

फलक एकदम म्हणाली, "माही बकरी म्हणजे महाप्रसाद झाला न काकू?"

"मी कुठी काय म्हटलं?" त्या हसू दाबत म्हणाल्या. "बकरी लय गोड हाय तुही."

तेवढ्यात इंद्रभान महाराजांनी जयघोष उचलला, अर्धाच, आणि हात कानाशी नेला. निम्म्या रिकाम्या मंडपातून उरलेला अर्धा असा उठला की वरची कनात हलली. एका कोपऱ्यात एक म्हातारबा डुलक्या घेत होते, त्यांनीही झोपेतून तो अर्धा पुरा केला. फलक टक लावून बघत राहिली. महाराजांना पुढचा अर्धा येत नव्हता थोडाच? तो त्यांनी लोकांसाठी ठेवला होता. ज्याचा अर्धा त्यात गेला, तो माणूस उठून कसा जाईल?

घरी येऊन तिनं मला हातात घेतलं आणि सगळे जुने व्हिडिओ पुन्हा पाहिले. पण आता ती अंगठे मोजत नव्हती. ती रेघ बघत होती. एका जागी ती रेघ न उतरता सरळ चालली होती. तिथं काय होतं? चाचांनी सहज म्हणून भिंतीवरची धनुकली उतरवून तिची तात छेडली होती, तुंऽय तुंऽय. कुणी बोलत नव्हतं. बकरी नव्हती. त्याखाली लाखभर नव्हते, दहा-बारा माणसं होती, पण त्यांनी पुरी वाक्यं लिहिली होती. 'हा आवाज आमच्या गल्लीत यायचा.' 'माझी आई या आवाजावर पिंजाऱ्याला हाक मारायची.' फलकनं त्यांना उत्तरही दिलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी तिनं मला विटांवर उभं केलं. अन्नपूर्णाबाईंची जुनी रजई चाचांसमोर ठेवली. चाचांनी धनुकली छेडली, मग शिवण उसवली. फलक म्हणाली, "या रजईचं वरचं कापड म्हणजे आमच्या काकूच्या सासूबाईचं लुगडं आहे. आतला कापूस त्यांच्याच वावरातला, बीटीच्या आधीचा. तुमच्या घरच्या रजईचं कापड कोणाचं होतं? आतला कापूस कोणत्या वावरातला?" आणि ती थांबली. बस्स, तिथंच व्हिडिओ संपवला.

बिलाल म्हणाला, "अन् आपला नंबर? पत्ता? ऑफर?"

"तो मंग," फलक म्हणाली. "आधी त्याईचा अर्धा येऊ दे."

आणि तो आला, मित्रांनो! पावसाचे पहिले थेंब पडावे तसा एक, मग एक, मग नुसती सर. कुणाच्या रजईला आजोबांचं धोतर होतं. कुणाची रजई बाळंतविड्यातली होती. एकानं लिहिलं, 'वावर विकून आम्ही नाशकात आलो. त्या वावरातलं आता आमच्याकडं काहीच नाही, पण माळ्यावर रजई आहे. तिला कुबट वास येतो, पण बायको टाकू देत नाही.' फलक एकेकाला नावानं उत्तर देई. 'दादा, वास ओलीचा आहे, दोन उन्हं दाखवा.' 'मावशी, लुगड्याचा काठ फाटला असला तर फेकू नका, आतून अस्तर लागतं.' कोण परत आलं, कोणी व्हिडिओ नंतर पाहायला ठेवून दिला, कोणी आपल्या बहिणीला धाडला, हे ती माझ्यावर रोज बघे. लाखांनी आलेले निघून गेले होते. उरले ते थोडे होते, पण ती त्यांना आवाजावरून ओळखू लागली. मीही ओळखू लागलो.

मग कुणीतरी विचारलं, 'आमची जुनी रजई पाठवली तर पिंजून द्याल का? आमचाच कापूस परत भरून?'

आणि एसटीच्या पार्सलनं गाठोडी येऊ लागली. पहिली दोन-चारच, पण चाचांनी मशीनला तेल पाजलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या मी पाहिल्या, कापसानं. त्यांचा एकच नेम होता. ज्याचा कापूस त्यालाच. दोन रजया कधी एका वेळी उसवायच्या नाहीत.

आता जे घडलं ते सांगताना माझा आवाज आणखी फाटतो. संक्रांत पंधरवड्यावर आली होती. गाठोडी थोडी वाढली आणि फलकला घाई झाली. चाचा दुपारच्या नमाजाला गेले असताना तिनं दोन रजया एकाच वेळी उसवल्या. एक चिखलीच्या जयमालाताईंची. त्या शाळेत शिकवतात. रजई त्यांच्या गेलेल्या आईची. दुसरी सुरतच्या गीताबाईंची. त्या जवळच्या टुनकी गावच्या माहेरवाशीण, रजई त्यांच्या वडिलांच्या धोतराची. दोन चादरींवर दोन ढीग, मध्ये हातभर अंतर. 'दोन्ही कापूस शेजारी किती सुंदर दिसतात,' म्हणून तिनं मला विटांवर उभं केलं आणि सुरू केलं. त्याच वेळी दावं तोडून बिजली आत आली!

ती एका ढिगात शिरली, बिचकली, दुसऱ्यात पडली, तिथून पुन्हा पहिल्यात. वर पंखा गरगरत होता. शेडात पांढरं वादळ उठलं. ते बसलं तेव्हा दोन ढिगांचा एक झाला होता आणि बिजली मधोमध, शिंगांना कापसाच्या मुंडावळ्या लटकवून, नवरीसारखी उभी होती. आणि मी ते सगळं टिपलं होतं.

बिलाल तेव्हाच आला. त्यानं माझ्यात डोकावून पाहिलं आणि उडी मारली. "टाक! आत्ताच्या आत्ता टाक! मागच्या बकरीच्या दुप्पट पाहतीन लोकं!"

फलक हलली नाही. "बिलाल, हा जयमालाताईच्या मायचा कापूस होता."

"मंग? कापूस तो कापूसच असते न. अर्धा याच्यात भर, अर्धा त्याच्यात भर. वजन सारखं झालं की झालं. कोणाले समजते?"

"कोणालेच नाही समजत," फलक म्हणाली. तिचा चेहरा असा झाला की मला तो टिपायला नको वाटलं.

चाचा आले. दारातच उभे राहिले. ढीग पाहिला, बकरी पाहिली, मुलगी पाहिली. ओरडले नाहीत. हळूच खाली बसले. "माह्या बापानं कधी एकाचा कापूस दुसऱ्याच्या गादीत नाही भरला," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळानं, "सांगशील तर बाकीचेही आपले गाठोडे वापस मागतीन. मशीन जाईन. नाही सांगशील तर राहीन. तू ठरव बेटी. पेज तुहं हाय."

फलक उठली. तिनं मला त्या एका ढिगासमोर धरलं आणि टिपायचं बटण दाबलं. आणि मित्रांनो, नेमकं तेव्हाच मला म्हणावं लागलं, 'जागा शिल्लक नाही.' पोट गच्च भरलं होतं.

"हे कीर्तनं उडव न," बिलाल म्हणाला. "पाय, केवढी जागा खाऊन राह्यले."

तिचं बोट माझ्यावर सरकत गेलं. शालिग्रामबुवांच्या मृदंगापाशी क्षणभर थांबलं. माझा जीव गोळा झाला! मग ते पुढं गेलं आणि त्या दिवसाच्या बकरीवर टेकलं. ज्याला लाखो लोकांनी पाहिलं असतं तो व्हिडिओ तिनं एका दाबात पुसून टाकला. कुणाला धाडला नाही, कुठं ठेवला नाही. "आईल्ला!" बिलाल डोक्याला हात लावून म्हणाला.

मोकळ्या झालेल्या त्या जागेत तिनं सांगितलं, "जयमालाताई, गीताताई, ही माझी चूक आहे. दोन रजया एकदम उसवायच्या नसतात, मी उसवल्या. तुमच्या आईचा कापूस आणि तुमच्या बाबांचा कापूस एक झाला. आता तो वेगळा होणार नाही. तुम्ही सांगाल ते मी करते." हे तिनं पेजवर टाकलं नाही. फक्त त्या दोघींना धाडलं. त्या संध्याकाळी माझ्यावर मोजायला दोनच माणसं होती. पण त्या दोघींची वाट फलकनं जशी पाहिली, तशी लाखांची कधी पाहिली नव्हती.

जयमालाताईंचा आवाज आधी आला. रडवेला. "आईचा म्हणून पाठवला होता हो मी..." मग, "दुसरी रजई कुणाची आहे? त्यांची हरकत नसेल तर मला बोलायचंय."

फलकनं गीताबाईंना विचारलं आणि तिघींचा फोन जोडला. सुरतेहून घाबरलेला आवाज आला, "ताई, मी गीता. माहे बाबा टुनकीचे. साधे मानूस होते. तुमच्या आईच्या कापसाले त्याईचा भार तं नाही होनार न?"

पलीकडं जयमालाताईंचा हुंदका फुटला, आणि त्यातूनच त्या हसल्या. "भार कसला हो? थंडीच्या दिवसांत घरी पाहुणा आला तर आई पहिली रजई त्यालाच द्यायची. आता तुमच्या बाबांना दिली म्हणायची."

"मंग थोडी माय मले भेटली म्हना," गीताबाई म्हणाल्या. "माही तर लहानपणीच गेली होती."

महाराजांनी थांबावं आणि मंडपानं पुरं करावं, तसंच झालं ते. चाचांनी डोळ्यांवरचा कापूस पुसला. तो कापूसच होता असं ते आजही सांगतात.

त्या दोन रजया पिंजून परत गेल्या. आणि ही हकिकत पेजवर फलकनं नाही, जयमालाताईंनी स्वतः लिहिली. गीताबाईंनी खाली त्यांचा अर्धा लिहिला. ते वाचून कुणी गाठोडं परत मागितलं नाही. उलट संक्रांतीच्या सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन आला तेव्हा त्याला शेडात शिरता येईना. दारापासून मशीनपर्यंत गाठोडीच गाठोडी. चिखलीची, नाशकाची, सुरतेची.

"चाचा, मशीन काढाले जागा कुठी हाय?" तो वैतागून म्हणाला.

"तेच म्हणून राह्यलो," फकीरचाचा म्हणाले. "आधी हे गाठोडे उचल, मंग मशीन उचल." आणि मग त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. अन्नपूर्णाबाईंनी सकाळीच वाटीभर आणून दिला होता. जाताना तोच म्हणाला, "माह्या घरीबी एक रजई हाय जुनी."

ते दिवस माझ्या वैभवाचे. पुढं आणखी तीन हिवाळे मी काम केलं. आता प्रत्येक रजईला वेगळी चादर असते, मध्ये पडदा असतो आणि बिजली दूर निंबाखाली बांधलेली असते. एका उन्हाळ्यात मी उंचावरून पडलो, चीर गेली, बॅटरीनं दम सोडला. फलकनं नवा मोबाइल घेतला. मला वाटलं, झालं, पुन्हा कणगीमागची फळी. पण तिनं मूठभर कापूस पिंजून ही गादी केली आणि मला कोनाड्यात ठेवलं. बिलाल सुट्या भागांसाठी मागायला आला होता, त्याला तिनं चहा पाजून वाटेला लावलं.

तुम्हीही आता हातात मोबाइल घेऊन जगाला काही दाखवत असाल. दाखवा, मला आनंदच आहे. एकच सांगणं ऐका या म्हाताऱ्याचं. किती जणांनी पाहिलं ते जरूर मोजा, आमच्यात त्यासाठीच अंकांचं पान आहे. पण कोण थांबलं, कोण परत आलं, कुणी आपलं काही सांगितलं, ते आधी बघा, आणि त्यांना नावानं उत्तर द्या. सगळा जयघोष एकट्यानं म्हणू नका. अर्धा त्यांच्यासाठी ठेवा. आणि माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र घरात असेल तर टाकण्याआधी विचारा, याच्या पोटात कुणाचा मृदंग तर नाही ना?

आज एकादशी आहे. फलकनं सकाळपासून मला तारेला लावून ठेवलंय. एवढ्यात अन्नपूर्णाबाई येतील. दीपकनं तो मृदंग त्यांच्या नव्या मोबाइलातही भरून दिला आहे, पण त्या म्हणतात, त्याच्यात तो लय गुळगुळीत वाजते. त्या आल्या की चाचा न सांगता मशीन बंद करतात. शेडात कापूस हळूहळू खाली बसतो. माझ्या फाटक्या आवाजातून शालिग्रामबुवांची थाप उमटते, इंद्रभान महाराज जयघोष उचलतात आणि अर्ध्यावर थांबतात. मीही थांबतो. आणि टिनाखाली, गाठोड्यांच्या राशीत बसलेली ती म्हातारी डोळे मिटून उरलेला अर्धा पुरा करते.